काच नाकाच्या शेंड्यापर्यंत

मी आयुष्यभर काय काम केलं असं कुणी विचारलं, की घरचे परस्पर सांगून मोकळे होतात, "गाड्या दुरुस्त करायचे." मी ते खोडून काढत नाही. पण खरं सांगायचं तर इंजिनात हात घालणारे माझ्याहून हुशार लोक बेळगावच्या कॅम्पात पुष्कळ होते. माझं काम निराळं होतं. फटफटीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येणारा वारा अडवणारी काच बसवायची, आणि ती त्याच्या अंगाला शिवल्यासारखी बसेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही, हे माझं काम. शिंप्याला लोक मान देतात. वाऱ्याच्या शिंप्याला कोण विचारतो?

दुसऱ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. कॅम्पात इनास मेस्त्रींचं दुकान होतं. मेस्त्री मूळचे गोव्याचे, हाताला सोनं लागलेला माणूस आणि जिभेला मिरची. मी परसू, हिंडलग्याचा, शेतकऱ्याचा पोर. हिंडलग्याला मोठा तुरुंग, म्हणून गावाचं नाव सांगितलं की लोक हटकून विचारत, "तुरुंगाच्या आतला की बाहेरचा?" मेस्त्रींनी मात्र पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "नांगराचं रुमणं कसं धरतात, ठाऊक आहे?" मी म्हटलं, हो. "मग हँडल धरशील," म्हणाले, आणि कामावर घेतलं.

काच म्हणतो खरा, पण ती काच नव्हतीच. खरी काच जड, आणि गाडी घसरली तर ती माणसाच्या गळ्याशी. आम्ही लावायचो सेल्युलॉइडचा पत्रा. त्या काळी कंगवे, बाहुल्या ज्याच्या बनत, तेच ते. पाण्यासारखं स्वच्छ, कातरीनं कापता येई, वाकवलं तर वाके. दोन दोष होते. उन्हानं ते पुढं तांबूस पडायचं, आणि ठिणगी लागली तर भडकायचं. म्हणून मेस्त्री दुकानात कुणाला विडी ओढू देत नसत. एकदा एका गोऱ्या सार्जंटच्या तोंडातली पेटती सिगारेट त्यांनी चिमटीत धरून काढली होती.

आता काच किती उंच असावी? गिऱ्हाईक म्हणतं, जेवढी उंच तेवढा वारा कमी. सगळ्यांचं हेच म्हणणं, आणि सगळे चुकतात. काच माणसाच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत यावी, त्याच्या वर नको. काचेतून बघायचं नसतं, काचेवरून बघायचं असतं. वारा काचेवर आपटतो, चढतो आणि डोक्यावरून निघून जातो. तोंड, छाती, हात सुखात राहतात आणि डोळ्यांपुढचा रस्ता मोकळा. एका साहेबानं आपल्या टोपीच्याही वर जाईल अशी काच हट्टानं करून घेतली. पहिल्याच पावसात काचेवर पाणी, चिखल, समोरचं काही दिसेना, आणि साहेब गाडीसकट एका उसाच्या गाडीत शिरले. परत आले ते ऊस काखेत घेऊनच. मेस्त्रींनी काच नाकापर्यंत कापून दिली.

माप घेण्यातही एक गोम होती. दुकानात माणूस ताठ बसतो. चार लोक बघत असतात, तो छाती काढतो. रस्त्यावर मात्र घटकाभरात पोक येतं आणि नाक वीतभर खाली जातं. म्हणून मेस्त्री गिऱ्हाइकाला गाडीवर बसवायचे आणि त्याच्याशी बोलत राहायचे. पीकपाणी, सोयरीक, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, सगळं. माणूस बोलण्यात रंगला, पाठ सैल पडली, की मला डोळ्यानं खूण करायचे आणि मी खडूनं रेघ ओढायचो. त्यानंतर काचेच्या कडेला कापसाची वात बांधून गाडी हिंडलग्याच्या रस्त्याला न्यायची. वात ज्या बाजूला फडफडेल, तिकडं वारा. वात शांत राहिली की काम झालं.

या सगळ्या गिऱ्हाइकांत माझ्या डोक्यात कायमचे राहिले ते निपाणीचे बाळगोंडा आप्पा.

आप्पा तंबाखूचे पारखी. निपाणीकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. तंबाखू कापून, वाळवून, कुटून तिचा ढीग घातला की व्यापारी आणि शेतकरी समोरासमोर बसतात. व्यापारी म्हणतो माल हलका, शेतकरी म्हणतो असा माल पंचक्रोशीत नाही. अशा वेळी दोघांना मान्य असलेला माणूस लागतो. तो ढिगात हात घालतो, मूठभर माल वर काढतो, रंग बघतो, बोटांनी चुरगळतो आणि वास घेतो. मग तो बोलेल ते खरं. आप्पा वीस गावांत असे मानलेले होते. पारख्याचा शब्द एकदा पडला की फिरत नाही, ही तिथली रीत. फिरणारा शब्द विकत कोण घेणार?

आप्पा जैन. सूर्य बुडाल्यावर अन्नाला शिवायचं नाही, हा नेम. आधी घोड्यावरून फिरत. लांबच्या गावाला गेले की संध्याकाळ रस्त्यातच गाठायची आणि उपाशी झोपावं लागायचं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची फटफटी त्यांनी घेतली ती केवळ दिवसाउजेडी घरी जेवायला पोचावं म्हणून. धर्मासाठी फटफटी घेतलेला हा एकच माणूस मी पाहिला.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मोठा पटका, पांढरं धोतर, पायात कोल्हापुरी, आणि आवाज नाकात अडकलेला. मेस्त्रींनी विचारलं, "काय बिघडलंय गाडीचं?"

"गाडीचं काय न्हाय. माझं नाक बिघडलंय," आप्पा म्हणाले.

मेस्त्री हसणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून थांबले. आप्पांनी सगळं सांगितलं. फटफटी घेतल्यापासून तोंडावर वारा आणि धुरळा. नाक चोंदलेलं. वैद्याचा काढा झाला, डॉक्टरचं औषध झालं. तंबाखूचा वास येतो, पण भिंतीपलीकडनं आल्यागत.

"सुगी तोंडावर आलीया, मेस्त्री. जे मला कळत न्हाय ते कळतंय म्हणून सांगू कसं? आन न्हाय सांगितलं तर ह्यो धंदा सोडून घरात बसायचं. माझा बा बी पारखी हुता. नाकाशिवाय आमच्याकडं दुसरं काय न्हाय."

मला त्या माणसाची दया आली आणि धाकही वाटला. माझ्या हातून आजवर लोकांच्या टोप्या वाचल्या होत्या, पटके वाचले होते. कुणाचं नाक माझ्या भरवशावर नव्हतं.

आप्पांनीही इतरांसारखा उंच काचेचाच हट्ट धरला. "पार कपाळावर यिऊ द्या. वाराच नगं." मेस्त्रींनी समजावलं, पण गिऱ्हाईक ऐकेना. बसवली. आठवडाभरात आप्पा परत. पटका, भुवया, मिशा, सगळं तांबड्या मातीनं माखलेलं, आणि पटका तर मागल्या बाजूनं जास्त.

"परसू, धुरळा म्होरनं येत न्हाय आता. पाठीमागनं येतोय. ह्ये काय भूत हाय काय?"

भूत नव्हतं. आमच्या मार्कंडेय नदीत मोठा दगड असला की पाणी दगडावर आपटून पुढं जातं आणि दगडाच्या मागं गरकन वळून परत दगडाकडंच येतं. उंच, उभ्या काचेमागं वारा तसाच वळतो आणि मागच्या चाकाचा धुरळा ओढून तोंडावर आणून टाकतो. मी काच कापून नाकाच्या शेंड्याशी आणली, मागं कलती केली आणि खालच्या कडेला चार बोटं फट ठेवली. खालून थोडा वारा आत आला की मागचा वारा वळत नाही. थोडा वारा येऊ द्यावा लागतो, तरच बाकीचा अडतो. हे कळायला मला फार वर्षं लागली होती.

आप्पांनी आणखी एक विचारलं. "ह्या काचंवर किडं आपटून मरत्यात. उभ्या काचंवर लई मेलं. कलती केल्यावर?" मी म्हटलं, कलती असली की बरेचसे वाऱ्याबरोबर वरून निघून जातात. "बरेचसे" म्हटल्यावर त्यांना जरा वाईट वाटलं, पण माझ्या खरेपणावर ते खूश झाले असावेत. जाताना म्हणाले, "निपाणीला ये जेवाय. दिस बुडायच्या आत ये."

महिन्याभरानं त्यांचा निरोप आला, नाक उघडलं. मेस्त्रींनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. मेस्त्रींनी चहा पाजणं ही बेळगावात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

सुगी संपत आली, उन्हं तापली, आणि मला एका कामासाठी निपाणीला जावं लागलं. म्हटलं, आप्पांची काच कशी आहे तेही बघून येऊ. सायकल मोटारीच्या टपावर टाकून गेलो. तवंदीच्या घाटात वारा असा होता की मोटारीचा ड्रायव्हरही पटका धरून बसला होता.

आप्पा घरी सोप्यात बसले होते. पाटावर ताट वाढलेलं, पण हात ताटाकडं जात नव्हता. नाक उघडलेल्या माणसाचा हा चेहरा नव्हे, असं मला वाटलं. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मलाही ताट वाढलं. मी विचारलं, "आप्पा, नाक पुन्हा बंद झालं काय?"

"नाक लई बेस हाय. म्हणून तर घोळ झालाय."

मग त्यांनी सांगितलं. जवळच्याच एका गावात मारुती नावाचा शेतकरी. त्याच्या ढिगात आप्पांनी हात घातला, वास घेतला, आणि त्यांना कापराचा वास आला. जुना, कुबट झालेला माल खपवायला काही लोक त्यात वासाची वस्तू ठेवतात. आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यात कापूर हाय." मारुतीनं तंबाखू हातात धरून शपथ घेतली. पण पारख्याचा शब्द पडला होता. व्यापारी उठून गेले. मारुतीचा ढीग तसाच पडला, आणि तंबाखूत कापूर घालणारा म्हणून त्याचं नाव गावोगाव झालं.

"त्यात काय," मी म्हटलं, "लबाडी धरलीत."

"पुढचं ऐक की. त्यानंतर दुसऱ्या गावात गेलो. तितंबी कापूर. तिसऱ्या गावातबी, बारीक, पर हाय. मी गप बसलो. समदी निपाणी कापूर घालाय लागली व्हय रं? का माझ्याच नाकात कायतरी बसलंय? आन माझं नाक खोटं असंल, तर मारुतीला मी चोर केला." ते ताटाकडं बघत राहिले. "दोन दिस झोप न्हाय."

आक्का भाकरी वाढायला वाकल्या होत्या. भाकरी ताटात ठेवत त्या अगदी सहज म्हणाल्या, "कापराचं म्हंतासा तर, तुमी घरला आला की देवळातनं आल्यागत वास येतोय की अंगाला. मी म्हंते, वाटंत स्तवनिधीला दर्शन घिऊन येतासा."

आप्पांनी मान वर केली. "म्या कुठं गेलतो स्तवनिधीला? सुगीत यळ कुठला?"

मी जेवण तसंच ठेवून उठलो. गाडी अंगणात, टळटळीत उन्हात उभी होती. काच तापून हाताला चटका देत होती. मी तिला नाक लावलं. माझ्या नाकात जन्माचं पेट्रोल भरलेलं, तरीही मला वास आला. आरतीच्या वेळी तबक पुढून जातं, तेव्हा येतो तसा. मेस्त्री कधीतरी म्हणाले होते, की हा पत्रा तयार करताना त्यात कापूर घालतात, म्हणून तो असा भडकतो. मी ते आगीपुरतं ध्यानात ठेवलं होतं. वासाचा कुणाला उपयोग असेल, हे आमच्या धंद्यात कुणाच्या डोक्यात येणार? आणि बेळगावच्या थंड हवेत ती काच गप्प होती. निपाणीच्या उन्हात, नाकाच्या बरोबर शेंड्याशी, ती दिवसभर आप्पांच्या मिशांत, पटक्यात, बाह्यांत कापूर ओतत होती.

पिशवीत पत्र्याचे काही तुकडे होते. त्यातला एक मी चुलीतल्या काटकीनं पेटवला. भस्सकन जाळ झाला आणि अंगणभर कापूर दरवळला. आक्कांनी सवयीनं हात जोडले आणि लगेच सोडले.

"पाणी दे," ते आक्कांना म्हणाले. डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, पटका नवा बांधला. मला म्हणाले, "तुझ्याजवळ आनी तुकडा हाय? मग चल. गाडी नगं. चालत जाऊ."

वाटेत मी म्हटलं, "आप्पा, पारख्याचा शब्द फिरत नाही म्हणतात. आज फिरवलात तर उद्या तुम्हाला कोण बोलावणार?"

"कोण न्हाय बोलवणार," ते म्हणाले. पाय तसेच चालत राहिले.

मारुतीचा ढीग गावाच्या कडेला खळ्यावर होता, तरटांनी झाकलेला. मारुती बाजूला बसून दोरी वळत होता. आम्हाला बघून उठला नाही. गावातले लोक आपोआप जमले. पारखी परत येतो हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आप्पा उभ्यानंच बोलले. "मारुती, त्या दिशी कापूर तुझ्या मालात नव्हता. माझ्या अंगात हुता." त्यांनी मला खूण केली. मी तुकडा पेटवला, लोकांनी वास घेतला, मी काचेची गोष्ट सांगितली. मग आप्पांनी तरट बाजूला केलं, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ नाकाशी नेली. फार वेळ तिथंच धरली. माल खरंच वाईट निघाला असता तर काय?

"बेस माल हाय," आप्पा म्हणाले. "औंदा म्या बघितलेल्यात ह्येच्यापरास बेस न्हाय. मी चुकलो. समद्यांदेखत म्हणलो हुतो, समद्यांदेखत परत घेतोय."

मारुतीनं हातातली दोरी खाली ठेवली. तो रागावेल असं मला वाटलं होतं. शिवी दिली असती तरी मी त्याला दोष दिला नसता. तो सावकाश म्हणाला, "आप्पा, त्यो वास आमाला त्या दिशीबी आलता. तुमी ढिगाजवळ यायच्या आदीच आलता."

"मग सांगितलं का न्हाय रं?"

"पारख्याला वासाचं कोण सांगणार? आमाला वाटलं, दर्शन घिऊन आलासा. बरं वाटलं आमाला."

आप्पा खळ्यावर खाली बसले. तिथं जमलेल्यांपैकी अर्ध्या लोकांनी माना हलवल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी आक्कांना, गावात मारुतीला, व्यापाऱ्यांना, पोरासोरांना. नाकवाल्या माणसाला त्याच्याच अंगाचा वास सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि चोर ठरला तो मारुती, ज्याला सगळ्यात आधी कळलं होतं.

त्याचा माल चांगल्या भावानं गेला, हे सांगून टाकतो. आता राहिली काच.

आप्पा बेळगावला आले आणि म्हणाले, "काच नगं. पर वारा अडीव." मेस्त्री डोकं खाजवत बसले. खरी काच जड. लोखंडी पत्रा थरथरतो, कानाशी ढोल वाजतो. तेव्हा मला आमचाच नियम आठवला. काचेतून बघायचं नसतं, वरून बघायचं असतं. मग तिच्यातून दिसायला कशाला हवं? पुढच्या चाकाजवळचा चार हात रस्ता झाकला जाईल, पण तेवढा कडेनं वाकून बघता येतो. मी म्हटलं, कापड लावू. नाकाच्या शेंड्यापर्यंत, कलतं, खाली फट ठेवून, सळईच्या चौकटीवर ताणून.

मग कापडाची निवड झाली. ती मी विसरणार नाही. आप्पा बाकावर डोळे मिटून बसले, आणि मी एकेक कापड त्यांच्या नाकाशी नेलं. मेणकापड नेलं. "ब्याड," आप्पा म्हणाले. कानडीत ब्याड म्हणजे नको. रबर लावलेलं नेलं. "ब्याड, ब्याड." नवं तरट नेलं, तर म्हणाले, "ह्यात घासतेल हाय." शेवटी लष्करानं टाकून दिलेल्या तंबूचं जुनं कापड, पावसानं आणि उन्हानं कित्येक वर्षं धुतलेलं. आप्पांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि डोळे उघडले. "ह्येला कसलाच वास न्हाय. ह्येच लाव."

खाकी पडदा लावून आप्पा निपाणीला निघाले तेव्हा कॅम्पातले शिपाई हसले. निपाणीत पोरं मागं पळायची, "आप्पांची गाडी पडद्यात बसलीया." मी आयुष्यात पुष्कळ काचा बसवल्या, लढाईनंतर विमानाच्या काचेसारखा नवा पत्रा आला तोही बसवला. पण सगळ्यात चांगली झालेली माझी काच तीच, जिच्यातून काहीच दिसत नव्हतं. तिचा फोटो काढून ठेवावा असं तेव्हा कुणालाच सुचलं नाही, याची मला आता हळहळ वाटते. आणि आजकाल काच तयार डब्यात येते, सगळ्यांना एकाच मापाची. गिऱ्हाइकाची पाठ सैल पडेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारायला कुणाला सवड आहे?

आप्पांना लोकांनी बोलावणं थांबवलं का, असं तुम्ही विचाराल. पुढच्या सुगीला पहिलं बोलावणं मारुतीच्या गावचं आलं. मीही बघायला गेलो होतो. खळ्यावर व्यापारी एका बाजूला, शेतकरी एका बाजूला. आप्पा गाडीवरून उतरले, चालत आले, पण ढिगाकडं गेले नाहीत. आधी मारुतीपुढं जाऊन उभे राहिले आणि सदऱ्याची बाही त्याच्या तोंडापुढं धरली.

"बघ रं," म्हणाले.

मारुती संकोचला. मग वाकून त्यानं बाहीचा वास घेतला, पटक्याचा घेतला, अगदी मिशांपर्यंत नाक नेलं.

"काय न्हाय, आप्पा," मारुती म्हणाला. "घाला हात."

त्यानंतर आप्पा जिथं जिथं गेले, तिथं ढिगाच्या मालकानं आधी त्यांची पारख केली, मग त्यांनी मालाची.